झेंडा आला, निर्णय कधी येणार?

15 ऑगस्ट 1947 ला सारा देश स्वतंत्र झाला आणि नांदेड-लातूर गुलामच राहिले. चहूकडे स्वतंत्र भारत आणि मध्ये निजामाची राजवट! समुद्र नसलेले ते बेटच होते. त्या दिवशी हैदराबाद संस्थानात तिरंगा उभारणे हा गुन्हा होता आणि तो करणारे मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. पुढचे तेरा महिने या बेटावर एकाच प्रश्नाची लढाई चालली : या भूमीचे काय करायचे, हे ठरवणार कोण?

स्वातंत्र्य तर निजामालाही हवे होते. ऑगस्ट 1948 मध्ये त्याने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे दार ठोठावले आणि जगापुढे स्वतंत्र राज्य म्हणून उभा राहिला. पण ते एका घराण्याचे स्वातंत्र्य होते. दीड कोटीहून अधिक रयतेला त्याने कधी विचारले होते? ज्या राज्यात सभेसाठी सरकारची परवानगी लागे, मराठी लेकराला परक्या भाषेत शिकावे लागे आणि स्टेट काँग्रेसवर 1938 मध्ये तिचा जन्म होण्याआधीच बंदी आली, त्या राज्याला स्वयंनिर्णय हा शब्द उच्चारण्याचा अधिकार नव्हता.

तो अधिकार रयतेने बजावला. बिलोली तालुक्यात अर्जापूरला 1946 मध्ये स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांनी प्राण देऊन तो बजावला. 30 जानेवारी 1948 ला लढ्यासाठी उमरीची बँक लुटणाऱ्या तरुणांनी त्या पैशाचा हिशेब राखून तो बजावला. भारतात सामील व्हा, असे निर्भयपणे लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना निजामाच्या पाठीराख्या रझाकारांनी ऑगस्ट 1948 मध्ये ठार केले; त्यांनी लेखणीने तो बजावला. हा लढा हिंदूंचा मुसलमानांशी होता, असे सांगत फिरणाऱ्यांनी शोएबुल्लांचे नाव आधी घ्यावे आणि मग तोंड उघडावे.

17 सप्टेंबरला निजाम शरण आला. झेंडा आला. निर्णयाचे काय झाले?

28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने मराठवाड्याला निधी, नोकऱ्या आणि शिक्षण यांत न्याय्य वाट्याचे वचन दिले. त्या विश्वासावर आम्ही मराठी भाषकांच्या एका राज्यात आलो. घटनेच्या कलम 371(2) मध्ये विकास मंडळाची तरतूद झाली. ती प्रत्यक्षात यायला 1994 उजाडले. तोवर दांडेकर समितीने 1984 मध्ये आमच्या विकासाचा अनुशेष मोजला होता. केळकर समितीने 2013 मध्ये तो पुन्हा मोजला. 30 एप्रिल 2020 ला मंडळाची मुदत संपली आणि ती वेळेत वाढवली गेली नाही. 2022 मध्ये मंत्रिमंडळाने ते पुन्हा उभे करण्याचा ठराव केला. ठराव म्हणजे मंडळ नव्हे. ज्या राज्याने आमच्या तोंडचा घास मोजायला दोन समित्या बसवल्या, त्याला तो घास वाढायला हात का उचलता येऊ नये?

पण सगळे खापर मुंबईवर फोडून हात झटकणे हा आमचा धर्म नव्हे. नांदेडने राज्याला शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण दिले. लातूरने शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख दिले. दोन जिल्हे, चार मुख्यमंत्री! खुर्चीचा तोटा आम्हाला कधीच नव्हता. तरीही एप्रिल 2016 मध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. धरणातले पाणी आधी माणसाने प्यायचे की उसाने, हा निर्णय लातूरच्या गल्लीतल्या बाईला कुणी विचारला होता? घागर तिच्या डोक्यावर आणि पाण्याचा हुकूम दुसऱ्याच्या हाती, ही निजामशाहीच आहे; फक्त तिचा वेश बदलला आहे.

बेटाची उपमा आम्ही उगाच दिली नाही. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे नांदत आहेत. त्या देशाला 1968 मध्ये स्वातंत्र्य देण्याआधीच ब्रिटनने 1965 मध्ये चागोस बेटे त्यापासून तोडली आणि दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ व्हावा म्हणून पुढे तिथल्या रहिवाशांना घरादारासह उपटून काढले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 25 फेब्रुवारी 2019 ला सांगितले की मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीरपणे पूर्णच झालेली नाही. मे 2025 मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. पण ज्यांची चुली-जाती त्या बेटावर राहिली, त्यांना वाटाघाटीच्या मेजावर जागा नव्हती. करारात मालक बदलायचे ठरले, तळ तिथेच ठेवायचे ठरले, माणसे बाहेरच उभी राहिली. दोन राजधान्यांनी ठरवलेली मुक्ती बेटकऱ्यांची होत नाही, हे अर्जापूर आणि उमरीच्या मातीला समजावून सांगावे लागू नये.

आणि ‘आम्ही ठरवू’ असे म्हणताना आम्ही म्हणजे कोण? 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा याच मुक्त मराठवाड्यात दलितांची घरे पेटली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ते नाव लागायला सोळा वर्षे लागली. त्या ठरावाच्याही तीस वर्षे आधी, निजामाला शरण आणणाऱ्या भारतीय सैन्याच्या पोलीस कारवाईच्या वेळी व तिच्यानंतर, बेगुनाह मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने बळींचा आकडा किमान 27 ते 40 हजार सांगितला आणि सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड व उस्मानाबाद यांची नावे घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. कासीम रझवी लातूरचा वकील होता. त्याच्या रझाकारांनी केलेले खून आणि जाळपोळ आम्ही विसरणार नाही. पण त्याच्या पापाची शिक्षा त्याच्या गावच्या विणकराला, व्यापाऱ्याला, लेकुरवाळीला देणारे हात मुक्तिसैनिकांचे नव्हते. मुसलमान शेजाऱ्याला वाचवणारे हिंदूही तेव्हा होते, हेही त्याच समितीने नोंदवले आहे. स्वामीजींचे खरे वारस ते!

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. विकास मंडळ तत्काळ उभे करा. पण त्याचे सदस्य राज्यपालांनी नेमलेले नकोत. जिल्हा परिषदांनी आणि नगरपालिकांनी निवडून दिलेले हवेत, आणि त्यांच्या हाती खर्चाची किल्ली हवी. मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यात पिण्याचे पाणी बाजूला काढल्याशिवाय उसाला एक थेंबही देऊ नका. तो हिशेब उन्हाळ्याच्या आधी ग्रामसभेत, बायाबापड्यांसमोर मांडा. आणि शाळेच्या पुस्तकात 1948 चे संपूर्ण सत्य लिहा.

येत्या 17 सप्टेंबरला झेंडावंदनाला जाणाऱ्या प्रत्येकाने एवढे करावे. हुतात्म्यांची नावे वाचली जातील, तेव्हा गोविंदराव पानसऱ्यांच्या मागोमाग शोएबुल्लांचे नाव मागावे, पोचीरामचे मागावे. नावे संपल्यावर घरी परतू नये. व्यासपीठावरच्या मंत्र्याला उभ्याउभ्या विचारावे : आमचे मंडळ कुठे आहे? ‘ठरवणार कोण?’ हा प्रश्न निजामाला तुरुंगाच्या भीतीने विचारता येत नव्हता, तरी आमच्या आजोबांनी तो विचारला. आमच्यापुढे तुरुंग नाही. मग आमची जीभ कशाला अडते?