तोबराभर सारा

नाशिकच्या रामकुंडात टँकरनं पाणी सोडायची वेळ आली ती एप्रिल २०१६ मध्ये. तेव्हापासून पावसानं ओढ दिली की मला दुर्गादेवीचा दुष्काळ आठवतो. १३९६ पासून बारा वर्षं टिकला म्हणतात. ‘बारा वर्षं’ हा आकडा जरा पोथीतला वाटतो, कबूल. पण बस्तरकडच्या दंडक गुहेत (पंचवटीही दंडकारण्यातलीच, म्हणून नावानं तिची सख्खी बहीणच) ठिबकणाऱ्या पाण्यातून साचलेले चुन्याचे थरही चौदाव्या-पंधराव्या शतकांत पाऊस रोडावल्याचंच सांगतात.

त्याच सुमारास, १४०२ ते १४०४ मध्ये, थेट उत्तरेकडच्या आइसलँड बेटावर प्लेग उतरला. निम्म्याच्या आसपास माणसं गेली असावीत. ओस पडलेली शेतं पुढे चर्च आणि मोजक्या धनिकांच्या घशात गेली.

इकडे गोदावरी ते कृष्णा मुलूख उजाड. इतिहासकार ग्रँट डफ लिहितो, तीसेक वर्षं वसूल नावापुरताच. किल्ले पाळेगारांच्या, लुटारूंच्या हाती. परतलेल्या कुणब्याला तेच हुसकून लावत. १४२९ मध्ये बहमनी सुलतानानं बंदोबस्तासाठी सरदार मलिक-उत्-तुज्जारला धाडलं. गावं पुन्हा वसवायचं काम आलं दादू नरसू आणि एका तुर्की खोजाकडे. शिवा कुणालाच आठवेनात, म्हणून दादूनं दोन-दोन, तीन-तीन गावं एकात घातली. आइसलँडसारखी धनिकांच्या घशात नाही, जो कसेल त्याला जमीन. सारा? पहिल्या वर्षी काही नाही. दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे तोबराभर धान्य. घोड्याच्या तोंडाला बांधतात तोच तोबरा! सुलतानाच्या कारभाराला एवढ्यावर भागवून घ्यायला लावणारा हा माणूस मला फार आवडतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो कधी भेटला नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मालेगाव, सिन्नर, येवला हे तालुके दुष्काळी जाहीर झाले. सवलतींच्या यादीत जमीन महसुलात सूट होतीच. कांद्याच्या रोपांवर, मजुरीवर झालेल्या खर्चापुढे आजचा शेतसारा हिशेबात तरी येतो का? पीककर्जाचं पुनर्गठन झालं, म्हणजे हप्ता पुढे गेला आणि व्याज बरोबर चालत राहिलं. निविष्ठा अनुदान मागाहून आलं, तेही बुडालेल्या पिकापोटी. पाऊस पडल्यावर नव्या पेरणीला हात घालायचा, त्या पहिल्या वर्षासाठी यादीत काय आहे, ते मी शोधत होतो. दादूनं नेमकं तेच वर्ष माफ केलं होतं.