लाल केसांना हसू नका

जयंती जवळ आली किंवा वस्तीत एखादा मंगल परिणय ठरला की किराणा दुकानात दोरीला टांगलेली 'काळ्या मेंदी'ची छोटी पाकिटे भराभर खपतात. पाकीट फोडा, पाण्यात कालवा, अर्ध्या तासात केस काळेभोर. याच वस्तीत एखादी मावशी रात्री मेंदी भिजवते आणि सकाळी केसांना थापून दोन-तीन तास बसते. तिच्या लाल केसांना पोरे हसतात. आमचे मत स्पष्ट आहे. केस रंगवायचेच असतील तर मावशीचे बरोबर आहे. हसायचेच असेल तर त्या पाकिटावरच्या 'हर्बल' या शब्दाला हसा.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. केस ज्या प्रथिनाचे बनतात त्या केराटिनला ते चिकटते. त्याचा रंग नारिंगीपासून गडद लालपर्यंत जातो, त्यापुढे नाही. मेंदीचे झुडूप काळा रंग देत नाही. निळीच्या पानांची पूड जोडीला वापरली तर केस काळपट होतात, पण त्यालाही बराच वेळ लागतो. म्हणून जी 'मेंदी' अर्ध्या तासात केस काळे करते, तिच्यात बहुधा पॅरा-फेनिलीन-डायअमाइन म्हणजे पीपीडी हे रसायन असते. पाकिटावर पानाचे चित्र आहे म्हणून आत पानच असेल असे समजू नका. मागची बारीक अक्षरे घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.

पीपीडी सगळ्यांनाच बाधते असे नाही. पण ज्याला बाधते त्याचे हाल होतात. आधी टाळूला खाज, मग कानामागे व कपाळाच्या कडेला पुरळ, फोड, पाणी येणे. पापण्या सुजून डोळे उघडत नाहीत. अनेकदा हे लगेच नव्हे, एक-दोन दिवसांनी होते. त्यामुळे दोष डायला न जाता खाण्याला किंवा उन्हाला दिला जातो. पाच वर्षे सोसलेला डाय सहाव्या वर्षी बाधू शकतो. एकदा ही अॅलर्जी जडली की सहसा ती जन्मभर राहते. हातावर मजुरी असलेल्या घरात सुजलेला चेहरा म्हणजे बुडालेले रोज आणि औषधाचा खर्च. दहा-वीस रुपयांचे पाकीट मग स्वस्त राहत नाही.

आपली कितीतरी मुले सलूनमध्ये, मुली पार्लरमध्ये काम करतात. रोज उघड्या हाताने दुसऱ्यांच्या डोक्याला डाय लावून त्यांच्या बोटांना भेगा पडतात, इसब होते. हातमोजे देणे हे मालकाचे काम आहे. ते मागायला लाजू नये.

आणखी एक गोष्ट दडवून चालणार नाही. हा डाय पोटात गेला तर घसा व मान सुजून श्वास अडतो, पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून पाकिटे, बाटल्या मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. कोणाच्या पोटात गेलेच तर घरगुती उपाय करत बसू नका, उलटी काढू नका. पाकीट सोबत घेऊन थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात जा.

आता लाल रंगाचे. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील सोजतची मेंदी नावाजलेली आहे. पण कुंपणाला मेंदी असेल तर तिचीच पाने सावलीत वाळवा, कुटा, पातळ कापडातून चाळा. विकतची पूड घेताना घटकांत फक्त मेंदी लिहिलेली पाहा. चांगल्या पुडीचा रंग मळकट हिरवा आणि वास वाळल्या गवतासारखा असतो. पाण्यात टाकताच भडक हिरवा रंग सुटला तर शंका घ्या.

खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण १०० ग्रॅम पूड पुरते. ती कोमट पाण्यात किंवा चहाच्या कोमट पाण्यात दह्यासारखी कालवा आणि थोडे लिंबू पिळा. आंबटपणामुळे रंग चांगला पक्का होतो. लिंबू टाळूला झोंबत असेल तर वगळा. आपल्याकडे लोखंडी कढईत भिजवण्याची पद्धत आहे, पण लोखंडामुळे रंग तपकिरी होतो. लाल हवा असेल तर स्टीलचे किंवा मातीचे भांडे घ्या. पाच-सहा तास भिजू द्या. अंडे घालू नका, ते पोरांच्या ताटात वाढा. बीटही नको. त्याचा रंग केसात टिकत नाही, पहिल्या पाण्याबरोबर जातो.

केस आदल्या दिवशी धुऊन घ्या, तेल लावू नका. हातात प्लास्टिकची पिशवी चढवून मेंदी लावा, दोन-तीन तासांनी नुसत्या पाण्याने धुवा. त्या दिवशी शाम्पू नको. पहिल्या दिवशी रंग भडक नारिंगी दिसेल, घाबरू नका. हवा लागून तो दोन दिवसांत गडद होतो. दर महिन्याला लावत गेलात तर लाल आणखी खोल होतो. पांढऱ्या केसांवर तो खुलतो. काळ्या केसांवर फक्त उन्हात तांबूस झाक दिसते, त्याहून जास्त कोणी कबूल करत असेल तर त्यात रसायन आहे.

मेंदी असो वा डाय, दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस थांबा. खाज आली तर डोक्याला लावू नका. तान्ह्या बाळांना मेंदी मुळीच लावू नका. ज्यांना डॉक्टरांनी जी-सिक्स-पीडी या द्रव्याची कमतरता सांगितली आहे त्यांनीही टाळावी. अशा व्यक्तींच्या, विशेषतः लहान मुलांच्या, तांबड्या रक्तपेशी मेंदीने फुटल्याची उदाहरणे आहेत.

आणि ज्यांना काहीच लावायचे नाही त्यांनी पांढरे केस खुशाल मिरवावेत. पिकलेले केस म्हणजे कमी दर्जा, अशी समजूत पाकिटे विकणाऱ्यांच्या सोयीची आहे. बचत गटांना आमचे सांगणे आहे : महिन्यातून एकदा चांगली पूड किलोने आणा, घराघरांत वाटून घ्या. पैसे वाचतील, कातडी वाचेल, आणि वस्तीत लाल केस इतके दिसतील की हसायला कोणी उरणार नाही.