रक्तात पोहोचेल तेवढीच मात्रा

लोणी-संगमनेरच्या फार्मसी महाविद्यालयांत केमोथेरपीला न जुमानणाऱ्या पेशींवर एखादा वनस्पतिजन्य घटक तपासायला घेणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकाने आधी एकच विचारावे: पेशींवर जी मात्रा घालणार आहेस, ती रुग्णाच्या रक्तात कधी पोहोचते का? कर्क्युमिनचे पाहा. पेशीत शिरलेले औषध बाहेर फेकणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीन या पंपाला ते आवर घालते, असे प्रयोगशाळेत अनेकदा दिसले. पण बहुधा दहा मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त मात्रेला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या तैवानमधील चाचणीत रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांच्या रक्तात त्याची कमाल पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलर भरली. ही तफावत न सांगता काढलेला निष्कर्ष रुग्णाच्या कामाचा नाही.

यावर उत्तर तयार असते: मिरीतले पायपेरिन जोडा. बंगळुरूच्या १९९८ च्या अभ्यासात त्याने कर्क्युमिनची जैवउपलब्धता २० पट वाढली, हे खरे. पण पायपेरिन सीवायपी३ए४ या विकरालाही रोखते, आणि डोसेटॅक्सेलसारखी औषधे शरीर त्याच वाटेने निकामी करते. पंपही केवळ गाठीत नसतो. आतडे, यकृत, रक्त आणि मेंदू यांच्यातली सीमा इथे तो आपले रक्षण करतो. पंप अडवण्यात व्हेरापामिल या हृदयविकारावरच्या औषधाने १९८१ मध्ये मोठी आशा दाखवली, मात्र त्यासाठी लागणारी मात्रा हृदयाला सोसेना. पंप अडवणाऱ्या व्हॅल्स्पोडार या दुसऱ्या औषधामुळे केमोथेरपीची औषधे रक्तात इतकी साचली की त्यांचे डोस कमी करावे लागले. उलटेही घडते: सेंट जॉन्स वॉर्ट ही वनौषधी घेतल्याने इरिनोटेकान या केमोथेरपीच्या औषधाच्या क्रियाशील रूपाची रक्तातली मात्रा ४२ टक्क्यांनी घटली. घरातले, परंपरेतले म्हणून निर्धोक, हा युक्तिवाद केमोथेरपी चालू असताना टिकत नाही.

मग वनस्पती सोडून द्यायच्या? मुळीच नाही. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हा कर्करोगविरोधी रेणू वेगळा केला. सह्याद्रीतला नरक्या हा वृक्षही तोच देतो, आणि त्यापायी बेसुमार तोडला गेला. त्याच रेणूचे रूप बदलून, तो प्रतिपिंडाला जोडून ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकान हे औषध घडले. टी-डीएम१ हे प्रतिपिंडाला जोडलेले दुसरे औषध आधी घेतलेल्या, स्तनाच्या कर्करोगाच्या १८४ रुग्णांपैकी सुमारे ६१ टक्क्यांच्या गाठी त्याने लक्षणीय आटल्या. प्रतिकार इथे वनस्पतिजन्य रेणूनेच मोडला, कारण तो गाठीपर्यंत कसा आणि किती पोहोचवायचा याचा विचार औषध घडवतानाच झाला होता.

लहान महाविद्यालयांकडे रक्तातली मात्रा मोजणारे एलसी-एमएस यंत्र नसते, ही अडचण मला मान्य आहे. पण माणसाच्या रक्तातल्या पातळ्या कित्येक घटकांबाबत प्रसिद्ध आहेत. त्या वाचून प्रयोगाची मात्रा ठरवायला यंत्र लागत नाही. मूळ पेशी आणि तिच्यापासून तयार झालेली प्रतिकारक पेशी, दोन्ही शेजारी ठेवून तपासण्याची शिस्तही हवी. एकाच प्रकारच्या पेशींवर केलेल्या, किती पेशी जगल्या एवढेच दाखवणाऱ्या एमटीटी चाचणीतून प्रतिकाराबद्दल काहीच कळत नाही. आणि रुग्णालयात केमोथेरपीच्या प्रत्येक सायकलआधी फार्मासिस्टने हळदीच्या कॅप्सूल, काढे, चूर्णे यांची न रागावता चौकशी करून नोंद ठेवावी. त्या नोंदीतून पुढच्या प्रबंधाला खरा प्रश्न मिळेल.