घर गाडीवर, पण गाडी लावायची कुठे?

सध्या आपल्या होस्टेलवर एक नवीन खूळ आलंय. रात्री मेसवरून आल्यावर जर्नल पूर्ण करायची सोडून मंडळी मोबाईलवर ट्रक कॅम्परचे व्हिडिओ बघत बसतात. अमेरिकेतला कुणीतरी काका, त्याची पिकअप, मागच्या हौद्यात बसवलेली छोटीशी खोली, त्यात पलंग, ओटा, सिंक, आणि दार उघडलं की समोर डोंगर! मेकॅनिकलच्या दोन ग्रुपनी तर मिनी प्रोजेक्टला हाच विषय घ्यायचं ठरवलंय. घ्या बापडे. पण माझं मत विचाराल तर यातला अवघड भाग गाडीवर नाहीच, तो जमिनीवर आहे. आणि हे मी व्हिडिओ बघून सांगत नाही. नाताळच्या सुट्टीत आमच्या घरच्या सात जणांनी हा प्रकार करून पाहिलाय, म्हणून सांगतोय.

आमचं गाव महाडजवळ. मामाची पिकअप आहे; एरवी तिच्यात भाजी, सिमेंट, लग्नातल्या खुर्च्या असं काय वाट्टेल ते असतं. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपची फ्रेम करून घेतली आणि तिला १२ मिलिमीटरचा प्लाय ठोकला. ८ बाय ४ ची एक शीट २३-२४ किलो भरते. अशा आठ शीट, फ्रेम, गाद्या, भांडी आणि १०० लिटर पाणी (म्हणजे सरळ १०० किलो!) असं सगळं धरून साडेचारशे किलोच्या आत बसवलं. खोका मुद्दाम उतरवता येणारा केला, मालासारखा चढवायचा आणि दोरानं बांधायचा. कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. प्रोजेक्टवाल्यांनी रिपोर्टचं पहिलं पान लिहिण्याआधी हे कलम वाचावं. दुसरं म्हणजे, मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवायची नाहीत. त्यामुळे मामा, आजी आणि मी केबिनमध्ये, आणि आई, मामी, बहीण, मामाचा मुलगा एसटीनं पोलादपूरला! कॅम्पिंगला निघालेलं अर्धं कुटुंब लाल डब्यात, हे कुठल्या व्हिडिओत दिसणार नाही.

सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी मी दोन सेमिस्टर शिकलोय. मामा दहावी नापास. पण खोक्यात काय कुठे ठेवायचं हे त्यानंच ठरवलं. "पेंढ्याची गाडी वजनाला हलकी असते, तरी वळणावर कशी झोके घेते बघितलंस ना?" म्हणजे जड सामान तळाला आणि मागच्या चाकांच्या पुढे, वर फक्त अंथरूण. पाण्यासाठी मोठा ड्रम नको म्हणाला. ५० लिटरचे दोन कॅन काठोकाठ भरून घेतले. अर्धा भरलेला ड्रम वळणावर हिसके देतो. उताराचा नियमही त्याचाच : ज्या गिअरनं चढतोस, त्याच गिअरनं उतर. ब्रेकवर पाय ठेवून बसलास तर ते तापतात आणि नेमके नको तिथे दगा देतात. फ्लुइड मेकॅनिक्स आणि ऑटोमोबाइलच्या व्हायवात यापेक्षा वेगळं काय विचारतात हो?

एका गोष्टीवर मात्र मी आजीचंही ऐकलं नाही. थंडी होती म्हणून तिला खोक्यात कोळशाची शेगडी हवी होती. बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. गॅसचा छोटा सिलिंडरही बाहेरच ठेवला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली जाऊन साठतो. आणि खोक्यात माणसं खालीच झोपलेली! व्हिडिओतला ओटा कितीही गोड दिसला तरी जमिनीलगत झरोके नसतील तर तसला ओटा करू नका.

मुक्काम उमरठच्या बाजूला. तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे ते गाव. त्याच्या अलीकडच्या एका वाडीत, सरपंचांना विचारून, शाळेच्या पटांगणात गाडी लावली. तीन दगडांवर पिठलं झालं, भाकऱ्या घरच्या. चांदणं असं की आपल्या होस्टेलच्या गच्चीवरून जन्मात दिसणार नाही. आजी, आई, मामी, बहीण खोक्यात आणि आम्ही तिघे बाहेर ताडपत्रीखाली.

मजा आली, पण ती आम्हा तिघांना. शाळेला सुट्टी, संडासाला कुलूप, किल्ली सरांकडे आणि सर त्यांच्या गावी. मामीनं दुपारपासून पाणीच प्यायलं नव्हतं, हे आम्हाला रात्री कळलं. आजी एकच वाक्य बोलली, "तुमचं बरं आहे रे, भिंत दिसली की झालं!" शेवटी शेजारच्या घरातल्या एका वहिनींनी न विचारता बॅटरी घेऊन चौघींना आपल्या घरी नेलं. पहाटे पुन्हा तेच. तेव्हा मला पटलं की आमच्या खोक्याचं डिझाइन कागदावर पास असलं तरी त्या चौघींच्या हिशेबात नापास आहे. बरं, खोक्यातच संडास केला असता तरी सकाळी ती टाकी रिकामी कुठे करायची? ओढ्यात?

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे : गाड्या लावायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह. कल्पना चांगली आहे, पण कॅरॅव्हॅन येईल तेव्हा येईल. आपल्या भागात गाडीत रात्र काढणारी माणसं आजच आहेत. २० मार्चला चवदार तळ्यावर कुठून कुठून लोक येतात, कितीतरी कुटुंबं टेम्पोतच झोपतात. सार्वजनिक पाण्यावरचा हक्क ज्या गावात १९२७ साली बजावला गेला, तिथे आलेल्या बाईला रात्री संडास शोधत फिरावं लागू नये, एवढी अपेक्षा जास्त आहे का? ६ जूनला रायगडावर जाणाऱ्यांचं तेच. गणपतीत मुंबईहून कोकणात उतरणाऱ्यांचं तेच. आणि दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कातकरी कुटुंबं भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं घेऊन ट्रकमधून वीटभट्ट्यांकडे, कोळसाभट्ट्यांकडे निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तेही कुटुंबच, तीही गाडीच, मुक्कामही उघड्यावरच. त्याला कुणी कॅम्पिंग म्हणत नाही, एवढाच फरक.

म्हणून माझं म्हणणं आहे की प्रोजेक्ट गाडीचा नको, थांब्याचा घ्या. सात-आठ गाड्यांची सपाट जागा, चार संडास, एक नळ, रात्रभर एक दिवा. दिसायला सोपं आहे, पण करायला बसा म्हणजे कळेल. पहिला प्रश्न जागेचा. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये सावित्रीचं पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते इथल्या माणसांना अजून बोटानं दाखवता येतं. ती रेषा आधी नकाशावर घ्या. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी इथे दरडी कोसळल्या. म्हणजे नदीकाठ नको आणि डोंगराचा पायथाही नको. मग उरतं काय? तेच तर शोधायचं! एन.एस.एस.च्या कॅम्पमध्ये दरवर्षी रस्ते झाडण्यापेक्षा हे मोजमाप करता येईल. (झाडण्याला माझा विरोध नाही, पण झाडू मारायला चार वर्षं इंजिनिअरिंग कशाला?)

दुसरा प्रश्न खड्ड्याचा. आपल्याकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या पुढे. पुस्तकातला शोषखड्डा जुलैमध्ये शोषत नाही, उलट भरतो. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं आणि जवळपास विहीर असली तर घाण तिच्यात जाते. सिव्हिलवाल्यांना यात एका वर्षाचं काम आहे.

तिसरा प्रश्न कोणाच्याच सिलॅबसमध्ये नाही. संडास बांधणं सोपं, तो रोज धुणार कोण? होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मला वाटतं, थांबा त्या गावातल्या महिला बचत गटाकडे द्यावा, गाडीमागे पैसे घ्यावेत, सोबत चहा-भाकरीही विकता येईल. मामाला विचारलं, एका रात्रीचे किती देशील? तो ५० म्हणाला. मामी आतून म्हणाली, "२०० दे."