वेसण कुणाला घालायची?

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयावर एक लाडका आक्षेप घेतला जातो: तिथला अभियोक्ता कुणालाच जाब देत नाही, मनात येईल त्या पुढाऱ्याला पिंजऱ्यात उभे करतो. आक्षेप भारदस्त आहे. पण न्यायालयाचे दप्तर उघडले की टिकत नाही.

अभियोक्त्याला स्वतःहून तपास सुरू करायचा तर तीन न्यायाधीशांच्या पीठाची परवानगी लागते, आणि ती मागितली की मिळते असेही नाही. अफगाणिस्तानच्या प्रकरणात पीठाने २०१९ मध्ये ती साफ नाकारली. वर्षभराने अपील पीठाने निर्णय फिरवला. म्हणजे तिथेही शेवटचा शब्द न्यायाधीशांचाच. काँगोचा बंडखोर नेता थॉमस लुबांगा याची गोष्ट याहून बोलकी आहे. आरोपीला उपयोगी पडू शकणारी कागदपत्रे अभियोक्त्याने संयुक्त राष्ट्रांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतली होती, म्हणून ती बचावपक्षाला दाखवली नाहीत. २००८ मध्ये न्यायाधीशांनी खटलाच थांबवला. न्यायालयाचा हा पहिलाच खटला, साऱ्या जगाचे डोळे लागलेले, तरीही! काँगोचाच माजी उपराष्ट्राध्यक्ष ज्याँ-पिएर बेंबा तर १८ वर्षांची शिक्षा होऊनही २०१८ मध्ये अपिलात सुटला, तीन विरुद्ध दोन मतांनी. पीडितांच्या जिवाला ते किती लागले असेल! पण बेबंद अभियोक्त्याच्या दरबारात असे निकाल लागत नसतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी पुढाऱ्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात असे अंकुश नव्हते. न्यायाधीशांच्या नेमणुका अमेरिकी सेनापती जनरल मॅकआर्थरच्या सहीने, शिक्षेचा फेरविचारही त्याच्याच हाती. भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भिन्नमत लिहिले; सात जण फासावर गेलेच.

मग बेलगाम कोण? संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद. ती न्यायालयाचा सदस्य नसलेल्या देशाचेही प्रकरण हेगकडे धाडू शकते (२००५ मध्ये सुदान, २०११ मध्ये लिबिया) आणि चालू तपास वर्षभर रोखूही शकते. सीरियाचे प्रकरण २०१४ मध्ये रशिया-चीनच्या नकाराधिकाराने अडले. गंमत म्हणजे हे दोघे आणि अमेरिका स्वतः न्यायालयाचे सदस्यच नाहीत. १९९८ मध्ये रोममध्ये न्यायालय स्थापणाऱ्या करारावरील मतदानात भारत तटस्थ राहिला, तेव्हा परिषदेच्या याच अधिकारांवर त्याने बोट ठेवले होते. ते बोट योग्य जागी होते. आपल्याकडचे टीकाकार मात्र भारताचा तो आक्षेप अभियोक्त्याच्या गळ्यात अडकवतात.

सामूहिक अत्याचारांच्या प्रकरणी कायम सदस्यांनी नकाराधिकार आपणहून आवरावा, असे निवेदन फ्रान्स आणि मेक्सिकोने २०१५ मध्ये पुढे केले. शंभराहून अधिक देशांनी त्याला पाठिंबा दिला. अमेरिका, रशिया आणि चीन त्यांत नाहीत.