चित्र दिसते, अर्थ कळतो का?

वीजबिल भरायचे असो, रेल्वेचे तिकीट काढायचे असो की बँकेतील शिल्लक पाहायची असो, ही कामे आता घरबसल्या संकेतस्थळावर होतात. पण पडद्यावर एका कोपऱ्यात तीन आडव्या रेघा, दुसऱ्या कोपऱ्यात दातेरी चाक आणि मध्येच पेन्सिल दिसली की घरातील ज्येष्ठ मंडळी थबकतात. चुकीचे बटण दाबले गेले तर? पैसे गेले तर? मुलांना विचारावे तर उत्तर मिळते, ‘आई, एवढं सोपं तर आहे!’

खरेच ते इतके सोपे आहे का?

ही चिन्हे, म्हणजेच आयकॉन, आली ती संगणक सोपा व्हावा म्हणूनच. १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ संगणकाच्या पडद्यावर कागद, फोल्डर अशा कचेरीतल्या वस्तूंची चित्रे होती. १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी काढलेली चिन्हे तर जगभर गाजली. कल्पना साधी होती. वस्तू ओळखीची असली की तिचा अर्थ शिकवावा लागत नाही. कचऱ्याचा डबा दिसला की नको ते टाकायची जागा कळते.

मेख इथेच आहे. फ्लॉपीचे चित्र म्हणजे ‘जतन करा’. पण सोनी कंपनीने २०११ मध्ये जपानमध्येही फ्लॉपीची विक्री थांबवली. आजच्या मुलांनी फ्लॉपी पाहिलेलीच नाही. ती तो अर्थ पाठ करतात. तीन आडव्या रेघा तर कोणत्याच वस्तूचे चित्र नाहीत. त्यामागे यादी दडलेली आहे, हे कुणी सांगितल्याशिवाय कळायचे कसे? शिवाय अर्थ बदलतातही. ट्विटरने २०१५ मध्ये चांदणीच्या जागी बदाम आणला. खूण म्हणून चांदणी दाबणाऱ्यांच्या नावावर एकाएकी ‘आवड’ जमा होऊ लागली!

संगणकावर चिन्हावर माऊसचा बाण नेला की बहुधा त्याचे नाव दिसते. मोबाइलवर बोट ठेवले की थेट कामच होते. दृष्टिहीन व्यक्ती पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरतात. चिन्हामागे शब्द लिहिलेला नसेल तर त्यांना नुसते ‘बटण’ एवढेच ऐकू येते.

यावर उपाय आपल्या देशाला जुनाच ठाऊक आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर मतदारांसाठी निवडणूक चिन्हे आली. आजही मतदान यंत्रावर चिन्हाशेजारी उमेदवाराचे नाव असतेच. चित्राने चटकन सापडते, शब्दाने खात्री पटते. संकेतस्थळ तयार करणाऱ्यांनी एवढे केले तरी पुष्कळ आहे.

तोवर आपण काय करावे?

- पैशांच्या व्यवहारात अनोळखी चिन्ह अंदाजाने दाबू नका. आधी शब्द शोधा.
- फुलीचा अर्थ कुठे ‘खिडकी बंद’, तर कुठे ‘रद्द’ असा असतो. दाबण्यापूर्वी आजूबाजूचा मजकूर वाचा.
- रोज लागणारी चार-पाच चिन्हे वहीत काढून पुढे अर्थ लिहून ठेवा.
- मुलांनो, आईबाबांच्या हातून मोबाइल घेऊन काम उरकू नका. बटण त्यांनाच दाबू द्या.

चिन्ह कळले नाही म्हणून स्वतःला अडाणी समजण्याचे कारण नाही. जे चिन्ह समजावून सांगावे लागते, त्यात उणीव चिन्हाची असते, पाहणाऱ्याची नव्हे.