रिपोर्ट घ्या आणि बाहेर पडा

स्लीप ॲप्नियाच्या पेशंटला आपल्याकडे पन्नास-साठ हजारांची खरेदी नेमकी अशा दिवशी करायला लावतात, ज्या दिवशी त्याचं डोकं सगळ्यात कमी चालत असतं. कित्येक वर्षं धड झोप झालेली नाही. आदली रात्र अंगाला वायरी लावून काढलेली. रिपोर्टवर ठळक अक्षरांत 'सिव्हिअर' लिहिलेलं. बायको घाबरलेली, कारण घोरणं मध्येच थांबतं आणि श्वासही थांबतो हे तिने अंधारात पडून मोजलेलं आहे. आणि त्याच मजल्यावर, बहुतेकदा त्याच टेबलापाशी, एक टाय लावलेला मुलगा मशीनचं खोकं उघडून तयार असतो. "आजपासूनच सुरू करा काका, रिस्क कशाला घ्यायची?"

या मुलाकडून मशीन घेऊ नका, एवढंच मला सांगायचं आहे. मशीन बहुधा चांगलंच असतं. पण ज्याने तुम्हाला आजारी ठरवलं त्याच्याच दारात, त्याच दिवशी ते घेण्यात तुमचा फायदा कुठेच नाही.

उपचाराबद्दल माझा वाद नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, मेंदू दचकून जागा करतो, आणि हे रात्रभर चालतं. तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला, तो आकडा म्हणजे एएचआय. पाचपर्यंत ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली 'लॅन्सेट'मध्ये पाच पेशंटांवरचा प्रयोग छापला : नाकातून सतत दाबाने हवा दिली की घशाची वाट उघडी राहते. सीपॅप तो हाच. २०२२ च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणात या आजाराचं नाव होतं, म्हणून काही दिवस पेपरांत चर्चा झाली. एक्स्प्रेस-वेवर रोज गाडी चालवणाऱ्याला हा आजार असेल, तर त्याची पेंग बोरघाटात इतरांनाही घेऊन जाऊ शकते. तेव्हा मशीन लागतंच. प्रश्न आहे ते कुठून घ्यायचं याचा.

चाचणी करणारा आणि उपकरण विकणारा एकाच खिशातून चालत असतील, तर तीव्रतेच्या आकड्यापासून मशीनच्या मॉडेलपर्यंत सगळ्यावर संशयाची सावली पडते, डॉक्टर कितीही सज्जन असले तरी. आपल्याकडे याला 'कट' म्हणतात आणि तो काही गुपित नाही. पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेऊ नये, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे. २०१७ मध्ये मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने 'डॉक्टरांना कमिशन नाही' अशा अर्थाचं होर्डिंग लावलं, तर डॉक्टरांच्या संघटनेलाच ते झोंबलं. त्याच वर्षी राज्य सरकारने प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करून घेतला. मसुद्यापुढे गाडी गेली नाही. त्यामुळे तुमचं रक्षण करायला आजघडीला तुमचे पायच आहेत. रिपोर्टची पूर्ण प्रत घ्या, दाबाचं आणि मास्कच्या प्रकाराचं प्रिस्क्रिप्शन लेखी घ्या, आणि जिना उतरा. ऑक्सिजन फारच खाली जातोय किंवा हृदयाचं दुखणं सोबत आहे म्हणून डॉक्टरांनीच घाई सांगितली असेल, तर त्याच रात्री सुरू करा. पण भाड्याच्या मशीनवर.

भाड्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत मेडिकेअर सीपॅपला पैसे देतं, पण लगेच मालकी देत नाही. आधी बारा आठवड्यांची परीक्षा असते. सलग तीस दिवसांपैकी सत्तर टक्के रात्री किमान चार तास मशीन वापरलं, हे दिसावं लागतं, आणि भाडं तेरा महिने चालतं, त्यानंतर मशीन पेशंटचं होतं. ब्रिटनमध्ये एनएचएस मशीन वापरायला देते, विकत नाही. सरकारी कंजूषपणा म्हणा हवं तर, पण त्यामागे एक साधी माहिती आहे : बऱ्याच लोकांना हे मशीन झेपत नाही. आपल्याकडे मेडिक्लेम सहसा हात वर करतो, पैसे स्वतःच्या खिशातून जातात, आणि तरीही आपण पहिल्याच दिवशी मालक होतो. मग तीन महिन्यांनी ते खोकं माळ्यावर जातं, माणूस पुन्हा घोरू लागतो, आणि घरात कोणी तो विषय काढत नाही कारण पैसे फार गेलेत.

झेपत नाही ते बहुतेक वेळा मास्कमुळे. मशीन काय, एक शांत पंखा आणि थोडं सॉफ्टवेअर. सगळा खेळ तोंडावर काय बसतं याचा आहे. नाकपुड्यांत बसणारा, नाकावर बसणारा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा; त्यात पुन्हा मापं; त्यात दाढी, मिशी, वाकडं हाड, रात्री काढून ठेवलेली कवळी. माझ्या वडिलांना तिसरा मास्क बसला. पहिला देणाऱ्या दुकानाने फोनवर सांगितलं, "पट्टा घट्ट करा." पट्टा घट्ट केल्यावर नाकावर जखम झाली, हवा डोळ्यांत जायची ती जातच राहिली. दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी त्यांना खुर्चीवर नाही, बाकावर आडवं झोपवलं, मशीन पूर्ण दाबावर चालू केलं, कुशीवर वळायला लावलं आणि मग माप ठरवलं. वीस मिनिटांचं काम. विक्रेता निवडायची माझी पहिली कसोटी म्हणून हीच आहे : तो तुम्हाला आडवं करतो का? मास्क बसला नाही तर महिन्याभरात बदलून देतो का, आणि ते बिलावर लिहून देतो का?

इथे माझ्या व्यवसायातले मित्र हसतात. हिंजवडीत कोणालाही विचारा, उत्तर तयार : ऑनलाइन बघ, आठ हजार वाचतील. वाचतातही. पण सीपॅप म्हणजे राउटर नाही. राउटर एकदा लावला की तुमच्या चेहऱ्याचा त्याच्याशी संबंध संपतो. दुसरा सल्ला, अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवायचा. तिकडची वॉरंटी इकडे चालेलच असं नाही, हे विकत घेतल्यावर कळतं.

तिसरा सल्ला सगळ्यात धोक्याचा : सेकंडहँड. 'कोविडमध्ये घेतलं, दोनच महिने वापरलं.' कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, लोकांनी मिळेल ते बायपॅप आणि सीपॅप घेतलं. त्याच जूनमध्ये फिलिप्सने ड्रीमस्टेशन मालिकेसह आपली लाखो मशीनं परत बोलावली. आवाज कमी करायला आत घातलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासाच्या वाटेत येऊ शकत होते. २६ एप्रिल २०२१ च्या आधी बनलेली मशीनं त्यात होती, म्हणजे लाटेत विकली गेलेली बरीचशी त्याच काळातली असणार. सीरियल नंबर तपासल्याशिवाय असलं मशीन वडिलांच्या उशाशी ठेवू नका.

वैद्यकीय उपकरणं विकणाऱ्याकडे २०२२ च्या दुरुस्तीपासून एमडी-४२ हे नोंदणी प्रमाणपत्र किंवा औषधविक्रीचा परवाना लागतो. विचारा. दुकानदार चिडला, तर उत्तर मिळालं.

आणि डेटा. बऱ्याच मशीनांत एसडी कार्ड असतं. त्यावर प्रत्येक श्वास नोंदलेला असतो : गळती किती, दाब किती, किती वेळा थांबला. 'ऑस्कर' नावाचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर अनेक कंपन्यांची कार्डं वाचतं. गळतीचा आलेख वाचायला इंजिनियर व्हावं लागत नाही, विजेचं बिल वाचता येणाऱ्याला तो येतो. दाब मात्र डॉक्टरांना दाखवूनच बदला. उलट काही विक्रेते मशीन क्लाउडला जोडून ठेवतात, पासवर्ड स्वतःकडे ठेवतात आणि रिपोर्ट काढायचे वेगळे पैसे लावतात. आपलाच श्वास आपल्याला भाड्याने. कार्ड नसलेलं किंवा ऑस्करला न वाचता येणारं मशीन मी तरी घेणार नाही.

मावळात हे सगळं जरा अवघड होतं. कामशेत, वडगाव, लोणावळा इथल्या माणसाला "आमचा माणूस घरी येईल" असं सांगितलं जातं, पण तो माणूस तळेगावच्या पुढे यायला नाखूश असतो. पाऊस वेगळाच. जुलैत लोणावळ्यात गाद्यासुद्धा ओल्या लागतात. थंड खोलीत ह्युमिडिफायर चढा ठेवला की नळीत पाणी साठतं आणि पहाटे नाकात येतं. त्यावर गरम होणारी नळी किंवा नळीला कापडी वेष्टन हा उपाय आहे, पण मुंबईच्या एसी बेडरूमचा विचार करून विकणाऱ्याला तो सुचत नाही. वादळात वीज गेली की मशीन बंद, म्हणून घरचा इन्व्हर्टर ते रात्रभर ओढेल का, हेही आधीच पाहायला हवं.

शिवाय लोणावळ्यात राहून प्राणायामाचा सल्ला मिळणार नाही असं होत नाही. प्राणायाम जरूर करा. पण जागेपणी कमावलेला श्वास झोपेत सैल पडलेल्या घशाला धरून ठेवेल, असं समजून मशीन टाळू नका. कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी शंभर वर्षांपूर्वी योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या होत्या आणि निष्कर्ष छापायला १९२४ साली 'योग मीमांसा' सुरू केलं होतं. त्यांच्या गावात तरी मोजमापाला नावं ठेवू नयेत.

तेव्हा मावळातल्या नव्या पेशंटने चिंचवड किंवा पुण्यातलं असं दुकान शोधावं, जिथे लोकलने जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं. स्वस्त, मोठं किंवा डॉक्टरांच्या खालच्या मजल्यावरचं दुकान शोधू नये. पहिले दोन महिने भाडं. भाडं पुढे किमतीतून वजा होणार का, हे लेखी. सोबत रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन आणि रात्री ज्या उशीवर झोपता ती उशी न्यायची. उशी बघून हसणाऱ्या दुकानातून परत यायचं.